आधी सगळं उघडा, मग कमी करत या: इलेक्ट्रिक गिटारचा आवाज जुळवताना

आष्ट्याहून एक मुलगा दर शनिवारी मिरजेत माझ्याकडे शिकायला येतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एक हंगाम काम करून त्याने पैसे साठवले, पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती परत करायला निघाला. "दादा, ह्यातनं तसला आवाज निघतच नाही. नुसतं किरकिरतंय." मी गिटार हातात घेतली. सिलेक्टर, म्हणजे तारा ऐकणारा कुठला पिकअप चालू राहील ते ठरवणारी दांडी, पार मागे ब्रिजकडे (घोडीकडे), व्हॉल्यूम दहावर, दोन्ही टोन दहावर. ॲम्पवर गेन (आवाज किती फाटायचा ते ठरवणारा नॉब) आणि ट्रेबल शेवटपर्यंत पिळलेले. मी सिलेक्टर गळ्याकडे टाकला, गेन निम्म्यावर आणला, गिटारचा व्हॉल्यूम सातावर केला आणि गिटार त्याच्याकडे परत दिली. पाच मिनिटांनी त्याने परत करायचा विषय सोडून दिला.

त्या पाच मिनिटांत काय केलं आणि का केलं, ते इथे क्रमाने लिहितोय. ज्यांच्या हातात पहिल्यांदाच इलेक्ट्रिक गिटार आली आहे आणि नॉब अंदाजपंचे फिरवणं चालू आहे, त्यांच्यासाठी.

नॉबला हात लावण्याआधी

गिटार सुरात लावा. फोनवरचा ट्यूनर चालेल. बेसूर गिटारवर टोन शोधणं म्हणजे भिंत पोपडे धरलेली असताना रंगाची छटा निवडण्यासारखं आहे. तारा किती जुन्या आहेत तेही बघा. घामाने काळ्या पडलेल्या तारांत वरची चमक उरत नाही, आणि ती चमक कोणताही नॉब परत आणत नाही.

मग ॲम्प. रिव्हर्ब, डिले, कोरस, जे काही असेल ते बंद. गेन अगदी कमी, बेस, मिडल आणि ट्रेबल तिन्ही मध्यावर. ॲम्प जमिनीवर ठेवून त्याच्या पुढ्यात उभे राहत असाल तर तो उचलून खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. स्पीकर तीक्ष्ण आवाज सरळ समोर फेकतो. ॲम्प घोट्याशी असेल तर ती धार तुमच्या पोटऱ्यांना ऐकू जाते आणि कानाला बोथट आवाज येतो. मग तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्यांचे दात आंबतात. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, हे मी गमतीने म्हणत नाही.

आता गिटारवरचे सगळे नॉब दहावर न्या. ही आपली सुरुवातीची जागा.

गिटारचे नॉब फक्त काढून घेतात

बहुतेक इलेक्ट्रिक गिटारांत बॅटरी नसते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार, हजारो वेढ्यांची. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत इवलासा विद्युतदाब तयार होतो. तोच केबलमधून ॲम्पकडे जातो. वाटेतले व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब त्यातला काही भाग जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे, वळवतात. त्यात नवं काही मिसळायची ताकद त्यांच्यात नाही. म्हणून दहा म्हणजे "सगळं उघडं", आणि दहाच्या खाली येणं म्हणजे काढून टाकणं. (गिटारच्या पाठीवर नऊ व्होल्टच्या बॅटरीचं झाकण असेल तर ती ॲक्टिव्ह गिटार. त्यातल्या काहींना आवाज वाढवणारे नॉबही असतात. त्यांच्याबद्दल हा लेख नाही.)

मिरजेत वाढलेल्याला हे समजावताना मला कष्ट पडत नाहीत. सतारमेकरांच्या दुकानात तानपुऱ्याची जवारी काढताना कधी बघत उभे राहा. कारागीर घोडीचा माथा जरासा घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. तारेखालचा सुती दोरा केसभर सरकला तरी तोच षड्ज वेगळा वाजायला लागतो. खुली जवारी असेल तर वरचे उपस्वर झणझणत बाहेर पडतात. बंद असेल तर आवाज गोल, आत ओढलेला. तानपुऱ्यावर गंधार कुणी छेडत नाही, तरी चांगल्या जवारीत तो आपोआप ऐकू येतो, आणि आपण त्याला स्वयंभू म्हणतो. तो उपस्वरांतला एक. गिटारचा "टोन" म्हणजेही हेच: मूळ सुरावर चढलेल्या उपस्वरांपैकी कोणते किती ठेवायचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ उरुसात मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं होतं, तेव्हा गायक सुरू होण्याआधी तानपुरे जुळतात ती मिनिटं लक्ष देऊन ऐका. इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. काही जण हसतात.

पहिली पायरी: सिलेक्टर

आवाजातला सगळ्यात मोठा बदल नॉबने होत नाही, सिलेक्टरने होतो. म्हणून सुरुवात तिथून.

कपडे वाळत घालायची दोरी हलवून बघा. खिळ्याजवळ ती जेमतेम हलते, मधे झोका घेते. तारही तशीच. ब्रिजजवळचा पिकअप जिथे तार कमी हलते तिथून ऐकतो, म्हणून त्यात मूळ सूर कमी आणि उपस्वर जास्त: आवाज टोकदार, कडक, थोडा पातळ. गळ्याजवळचा पिकअप तार मोठी हलते तिथून ऐकतो, म्हणून गोल, भरदार, उबदार. बरेच उत्पादक ब्रिज पिकअपला जास्त वेढे देतात किंवा तो तारेच्या जास्त जवळ बसवतात, ते ही उणीव भरून काढायला.

एकच कॉर्ड घ्या, ई मायनर पुरे. सगळे नॉब दहावर ठेवून प्रत्येक जागेवर मिनिटभर वाजवा आणि वहीत त्या आवाजासाठी एक मराठी शब्द लिहा. खणखणीत, गोल, पोकळ, काचेसारखा, नाकातला, घुमा, काहीही. पुढे हीच वही कामाला येणार आहे.

स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारला पाच जागा असतात. १९५४ साली ही गिटार आली तेव्हा सिलेक्टरला तीनच जागा होत्या. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की दांडी दोन जागांच्या मधोमध अडकवली की दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक पोकळ, टकटकीत, पाणीदार आवाज येतो. लोक काड्या घालून दांडी अडकवायचे म्हणतात. १९७७ मध्ये कंपनीने शेवटी पाच जागांचा स्विचच बसवला. दुसरी आणि चौथी जागा ती हीच. हिंदी-मराठी गाण्यांत स्वच्छ, तुटक कॉर्ड वाजवायच्या असतील तर मी बहुतेक वेळा चौथीवर असतो, म्हणजे गळ्याचा आणि मधला पिकअप एकत्र.

लेस पॉल पद्धतीच्या गिटारवर तीन जागा: गळा, दोन्ही, ब्रिज. इथे एक फसवी गोष्ट आहे. नेहमीच्या वायरिंगमध्ये दोन्ही पिकअप चालू असताना एकाचा व्हॉल्यूम शून्य केला की दुसराही गप्प होतो. गिटार बिघडली म्हणून दुकानात धावू नका. पण एकाचा व्हॉल्यूम आठ आणि दुसऱ्याचा सहा असं करून बघा, मधल्या जागेवर कितीतरी छटा मिळतात.

दुसरी पायरी: व्हॉल्यूम, आणि इथे जरा थांबा

नवा माणूस व्हॉल्यूम दहावर ठेवतो आणि तो नॉब आहे हेच विसरतो. माझ्या मते गिटारवरचा सगळ्यात कामाचा नॉब हाच.

असं करा. ॲम्पचा गेन हळूहळू वाढवा. गिटार दहावर असताना जोरात स्ट्रम केलं की आवाज फाटायला लागला पाहिजे, पण हळू वाजवलं तर अजून स्वच्छ. तिथे थांबा. आता ॲम्पला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम सातावर आणा. फाटणं कमी झालं, नुसती धार उरली. पाचावर आणा. जवळपास स्वच्छ. म्हणजे लीड, ताल आणि स्वच्छ कॉर्ड, तिन्ही आवाज करंगळीखाली आले, पायाखाली एकही पेडल नसताना. स्वच्छ ॲम्पवर हाच नॉब फक्त आवाज लहानमोठा करतो. फाटलेल्या ॲम्पवर तो गेनचा नॉब होतो. आष्ट्याच्या मुलाला जादू दाखवली ती हीच.

व्हॉल्यूम कमी करताना आवाज थोडा बोथट होतो हेही ऐकू येईल. दोष केबलचा आणि पॉटचा, म्हणजे नॉबखालच्या कमीजास्त होणाऱ्या रोधाचा, मिळून. केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटर, साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरड. व्हॉल्यूम दहावरून खाली आला की पिकअप आणि केबल यांच्यामध्ये पॉटचा रोध येतो, आणि तो रोध व केबलची धारिता मिळून वरची चमक खाऊन टाकतात. सहा मीटरच्या केबलपेक्षा तीन मीटरची केबल उजळ वाजते ती याच कारणाने. खोलीत वाजवताना दहा मीटरची केबल वेटोळं करून ठेवायची काहीच गरज नाही. चमक जाणं फारच खटकत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्याकडून व्हॉल्यूम पॉटवर सुमारे १ नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर आणि त्याच्यासोबत एक रेझिस्टर लावून घेता येतो. त्याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. मी लावलेला नाही. आवाज लहान करताना तो थोडा मऊही होतो हे मला आवडतं.

काहींच्या गिटारवर वेगळीच अडचण असते: दहापासून तीनपर्यंत काहीच होत नाही आणि मग आवाज धपकन पडतो. तुमच्या पॉटची चढण लिनिअर, म्हणजे सरळ रेषेतली, असू शकते. आपला कान आवाज सरळ रेषेत मोजत नाही, म्हणून व्हॉल्यूमसाठी लॉग चढणीचा पॉट बरा. पॉटच्या पाठीवर बहुधा ए किंवा बी हे अक्षर आणि पुढे २५० किंवा ५०० के असं छापलेलं असतं. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपला सहसा २५० के लावतात, हम्बकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० के. मोठा आकडा म्हणजे पिकअपवर कमी भार, म्हणजे उजळ आवाज. हम्बकर मुळात थोडा जाडसर वाजतो, त्याला तो उजळपणा मानवतो.

तिसरी पायरी: टोन

टोनच्या नॉबमागे एक कपॅसिटर असतो, बहुतेक वेळा ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. नॉब खाली आणत जाल तसे वरचे उपस्वर त्या कपॅसिटरमधून अर्थला निघून जातात. बस, एवढंच.

दहा आणि सात यांच्यातला फरक खोलीत जेमतेम कळतो, पण ब्रिज पिकअपची कर्कश धार याच तीन आकड्यांत मोडते. किरकिर होतेय म्हणून ॲम्पचा ट्रेबल मारण्याआधी टोन आठावर आणून बघा. चार ते दोन या पट्ट्यात आवाज गोल होतो, जाझसारख्या मऊ कॉर्डना आणि भावगीताच्या मागे वाजणाऱ्या सावकाश आलापांना बरा.

शून्यावर मात्र गंमत आहे. सगळं चिखल होईल अशी अपेक्षा असते, आणि स्वच्छ ॲम्पवर होतोही. पण पिकअपची कॉइल आणि टोनचा कपॅसिटर मिळून साधारण ४०० ते ५५० हर्ट्झच्या आसपास एक छोटा उंचवटा तयार करतात. गळ्याचा हम्बकर, टोन शून्य आणि भरपूर फाटलेला ॲम्प एकत्र आले की नाकातून गाणाऱ्या बाईसारखा, ओढदार आवाज निघतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने तो लोकप्रिय केला आणि त्याला वुमन टोन हे नावच पडलं. एकदा नक्की करून बघा.

स्ट्रॅटवाल्यांनी आपला कोणता टोन नॉब कशाचा आहे ते तपासावं. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये एक टोन गळ्याचा, दुसरा मधल्याचा, आणि ब्रिजला काहीच नसतो. म्हणजे ज्या पिकअपला टोनची सर्वाधिक गरज, तोच मोकाट. ब्रिजवर असताना दोन्ही टोन फिरवून फरक पडत नसेल तर हेच कारण. एक छोटी तार डाग देऊन जोडली की दुसरा टोन ब्रिजलाही लागू होतो. माझ्या मते स्ट्रॅटवर करायचा पहिला बदल हाच.

चौथी पायरी: पिकअपची उंची

याला कुणी हात लावत नाही, आणि खर्च शून्य. पिकअप तारेच्या जितका जवळ तितका आवाज मोठा आणि आक्रमक; जितका दूर तितका मोकळा आणि श्वास घेणारा. फार जवळ नेला की चुंबक तारेला ओढायला लागतं. जाड तारा कितीही सुरात लावा, वरच्या पडद्यांवर त्या बेसूर थरथरतात. सिंगल कॉइलवर हे जास्त होतं.

मोजपट्टी म्हणून जुनी एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरा आणि तार व पिकअप यांच्या मधली फट बघा. सिंगल कॉइलला जाड तारेकडे तीन कार्डं जेमतेम सरकतील एवढी फट ठेवून सुरुवात करा, बारीक तारेकडे त्याहून किंचित कमी. हम्बकरला ब्रिजकडे दोन कार्डं, गळ्याकडे तीन. मग छोट्या स्क्रू ड्रायव्हरने एका वेळी अर्धाच फेरा आणि प्रत्येक वेळी ऐकणं. सिलेक्टर गळ्याकडून ब्रिजकडे टाकला की आवाजाचा चढउतार फार वाटू नये, इथवर आलं की थांबा. कार्डं उंच उठवलेल्या आकड्यांची घेऊ नका, सपाट भाग वापरा. आणि सुरू असलेलं कार्ड पिकअपच्या चुंबकाजवळ नेऊ नका, हे सांगायची वेळ माझ्यावर आली आहे.

पाचवी पायरी: ॲम्प

आता ती वही काढा. नॉब फिरवण्याआधी काय खटकतंय ते मराठीत म्हणा, म्हणजे कुठला नॉब ते आपोआप कळतं. किरकिरा, कानाला टोचणारा: ट्रेबल किंवा प्रेझेन्स (अगदी वरच्या चमकेचा नॉब, असला तर) कमी, नाहीतर गिटारचा टोन आठावर. घुमा, भांड्यात बोलल्यासारखा: बेस कमी. पोकळ, लांबून आल्यासारखा: मिडल वाढवा. नाकातला, पत्र्याच्या डब्यासारखा: मिडल कमी. सगळे सूर एकमेकांत लपेटलेले, कॉर्डमधली एकेक तार वेगळी ऐकू न येणारी: गेन कमी. बसका, जीव नसलेला: बहुतेक वेळा हा ॲम्पचा दोषच नसतो, तारा बदला.

गेनबद्दल एक आगाऊ सल्ला. घरी तुम्हाला जितका गेन हवासा वाटतो त्याच्या दोन तृतीयांश ठेवा. फाटलेला आवाज मुळात दाबलेला असतो. गेन आणखी वाढवला की जोराने आणि हळू वाजवण्यातला फरक संपतो आणि गर्दीत गिटार हरवते. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेला तो भिंतीसारखा जाड आवाज बऱ्याचदा दोन किंवा चार वेळा वेगवेगळा वाजवून एकावर एक चढवलेला असतो. एका गिटारमधून तो काढायला जाल तर हाती मधमाश्यांचं पोळं लागेल.

एका वेळी एकच नॉब फिरवा. बऱ्याच ॲम्पमध्ये तिन्ही नॉब एकमेकांना ओढतात: ट्रेबल वाढवला की मिडल कमी वाटतो. दोन एकदम फिरवले तर काय कशामुळे झालं ते कळत नाही.

खोलीतून मंडपात

खोलीत छान वाटणारा टोन गणपतीच्या मंडपात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायब होतो. दोन कारणं. हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मनसन या अमेरिकी संशोधकांनी हे मोजून दाखवलं. त्यामुळे घरी तुम्ही दोन्ही वाढवून ठेवता, आणि स्टेजवर मोठ्या आवाजात ते दोन्ही उसळून येतात. दुसरं कारण गर्दी. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. त्या भागात बेस गिटार, ड्रमचा किक आणि ढोलकीचा डग्गा आधीच बसलेले असतात. वरच्या टोकाला झांज आणि हायहॅट. गिटारसाठी मोकळी जागा उरते ती मधे.

आपल्याकडे याचा पुरावा दर मिरवणुकीत ऐकू येतो. ताशांचा एवढा कडकडाट चालू असतानाही बेंजोवरची चाल शेवटच्या गल्लीपर्यंत स्पष्ट पोचते. तो आवाज एकटा ऐकला तर पातळ आणि नाकातला वाटेल, पण त्याचं सगळं वजन मधल्या पट्ट्यात असतं. म्हणून स्टेजवर बेस घरच्यापेक्षा कमी, मिडल घरच्यापेक्षा जास्त. एकट्याने वाजवताना थोडा कुरूप वाटणारा टोन बँडमध्ये बरोबर बसतो. सांगलीला नाटकवाल्यांची परंपरा मोठी. नटाला विचारा, शेवटच्या रांगेला ऐकू जाणारा आवाज आणि आरशासमोरचा आवाज एक नसतो.

ॲम्प नसेल आणि साउंडवाल्याने गिटार थेट मिक्सरला जोडायला सांगितली तर दोन गोष्टी होतात. गिटारला समोर खूप मोठा इनपुट रोध हवा, १ मेगओहमच्या आसपास. मिक्सरचा साधा लाइन इनपुट बहुधा १० किलोओहमच्या घरात असतो, त्यामुळे सगळी चमक मरते. मधे डीआय बॉक्स, म्हणजे गिटार आणि मिक्सरचा मेळ घालणारा छोटा डबा, लावा, किंवा मिक्सरवर हाय-झेड किंवा इन्स्ट्रुमेंट असं बटण असेल तर ते दाबा. दुसरी गोष्ट, गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं वाजवत नाही, आणि ते आपल्या भल्याचंच असतं. पीएचे, म्हणजे मंडपातल्या साउंड सिस्टिमचे, स्पीकर मात्र सगळं वाजवतात. फाटलेला आवाज थेट पीएवर टाकला की करवत चालल्यासारखं होतं. मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकत्र असलेलं पेडल) असेल तर त्यातलं कॅब सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल, चालू ठेवा. स्वच्छ आवाजाला टोन पाच-सहावर आणूनही भागतं.

आता जिवाची गोष्ट. गिटार वाजवताना माइकला ओठ लागले आणि चटका बसला, तर वाजवणं तिथल्या तिथे बंद करा. ॲम्प आणि साउंड सिस्टिम वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेत असतात आणि एकीकडचं अर्थिंग धड नसतं, तेव्हा असं होतं. सगळं एकाच बोर्डवरून घ्या आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. तसं कधीच करू नका. पावसात ओल्या मंडपात तर अजिबात नाही.

गुणगुण आणि खरखर

सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुण पकडतोच. ट्यूबलाइटचा चोक, लाइटचा डिमर, फोनचा चार्जर जवळ असेल तर जास्त. वाजवता वाजवता जागेवर हळू फिरा. एका दिशेला तोंड केलं की ती बरीच कमी होते, तिकडेच तोंड करून वाजवा. बऱ्याच नव्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुण एकमेकांना कापते. हम्बकरची कल्पनाही हीच: दोन कॉइल, उलट वेढे, उलट चुंबक. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने पन्नासच्या दशकाच्या मध्यात तो तयार केला तो याचसाठी. जाड आवाज हा त्यासोबत आलेला नफा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर घाबरू नका, ते नॉर्मल आहे. हात लावल्यावर वाढली तर मात्र गिटारच्या आतली अर्थची जोडणी दाखवून घ्या.

नॉब फिरवताना खरखर येते ती बहुतेक वेळा पॉटमध्ये साचलेल्या धुळीने आणि गंजाने. कृष्णाकाठच्या पावसाळ्यानंतर ही तक्रार हमखास येते. मागचं किंवा पुढचं झाकण उघडून पॉटच्या फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि नॉब दोन्ही टोकांपर्यंत वीसेक वेळा फिरवा. कुलपात घालायचं तेल इथे चालत नाही. खरखर नॉब न फिरवताही येत असेल तर जॅकचा नट ढिला झालाय का बघा, कारण केबल आणि जॅक यांचीच अवस्था बऱ्याचदा वाईट असते.

सुरुवातीसाठी माझे चार ठरलेले आवाज

तुटक स्वच्छ कॉर्ड: सिलेक्टर चौथीवर, व्हॉल्यूम आठ, टोन दहा, ॲम्पचा गेन अगदी कमी, मिडल मध्यावर. मऊ साथ: गळ्याचा पिकअप, व्हॉल्यूम सहा, टोन चार. रॉकचा ताल: ब्रिज, व्हॉल्यूम सात, टोन आठ, गेन निम्मा, बेस निम्म्याच्या खाली. गाणारी लीड: गळा किंवा ब्रिज, व्हॉल्यूम दहा, टोन पाच ते सात, गेन निम्म्याच्या थोडा वर, आणि हो, मिडल वाढवलेला. तुमची गिटार, तुमचा ॲम्प वेगळा, म्हणून हे आकडे तंतोतंत लागू पडणार नाहीत. पण इथून दोन-दोन आकडे इकडेतिकडे करत गेलात तर हरवणार नाही.

एक सवय लावून घ्या. आवाज जमला असं वाटलं की फोन दहा पावलं समोर ठेवून रेकॉर्ड करा, आणि ऐका ते दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री साडेदहाला जगात सगळ्यात भारी वाटलेला टोन सकाळी चहाबरोबर ऐकला की बऱ्याचदा बेस जास्त निघतो.

आष्ट्याच्या मुलाने मागच्या शनिवारी गिटार दाखवली. व्हॉल्यूमच्या नॉबवर बहिणीच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके: सातावर लाल, दहावर गुलाबी. टोनवर आठाला एक. पाचावर का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "तिथं काय होतंय ते अजून मला कळंना झालंय, दादा. कळलं की लावतो."